पिशवी भरून देऊ का?

लंडनपासून तासाभरावर राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. त्यांची 12 वर्षांची मुलगी स्काउट्सला जाते. तिच्या ग्रुपने पुढच्या महिन्यात दोन शनिवारी गावातल्या सुपरमार्केटमध्ये ‘बॅग पॅकिंग’ ठेवलं आहे. मुलांनी टिलच्या, म्हणजे बिलाच्या काउंटरच्या, टोकाशी उभं राहायचं, गिऱ्हाइकांचं सामान पिशव्यांत भरून द्यायचं आणि ज्याला जे वाटेल ते त्याने शेजारच्या बादलीत टाकायचं. जमलेले निम्मे पैसे गावच्या हॉस्पिसला, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या संस्थेला जाणार, निम्मे मुलांच्या उन्हाळी कॅम्पला. सध्या साताऱ्याहून सासरे आले आहेत. हे ऐकून ते म्हणाले, “आपल्या घरातली पोर परमुलखात बादली घेऊन उभी राहणार? आपल्याला काय कमी आहे?” नवऱ्याचं म्हणणं, 50 पौंड देऊन टाकू, विषय मिटेल. बाईंची स्वतःची अडचण निराळीच आहे. अशी मुलं दिसली की त्या गुपचूप सेल्फ चेकआउटकडे वळतात आणि मग दिवसभर त्यांना चुटपुट लागून राहते. त्या विचारतात, “दुसऱ्यांच्या मुलांनी केलेलं मला जे आवडत नाही, ते करायला मी माझ्या मुलीला पाठवू का?”

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. सासरे काय म्हणाले ते त्यात आहे, नवरा काय म्हणाला ते आहे, तुमच्या मनाची ओढाताण तर पानभर आहे. मुलगी काय म्हणते, ते मात्र कुठेच नाही. तिला जायचंय का? मैत्रिणी जाणार म्हणून उत्साहात आहे, की अनोळखी माणसांशी बोलायचं म्हणून तिच्या पोटात गोळा आलाय? आज संध्याकाळी भांडी आवरताना सहज विचारा. तिला मनापासून नको असेल, तर तिला ढकलू नका. अशा वेळी ग्रुपला पडद्यामागची कामंही हवी असतात, फलक रंगवणं, मुलांच्या पाळ्या लावणं. पण तिला जायचं असेल, तर पुढचं सगळं तिच्यासाठीही वाचा.

आता सासऱ्यांकडे येते. त्यांचं बोलणं तुम्हाला लागलंय, पण त्यात पोरीबद्दलची माया आहे, ती आधी ओळखू या. बादली पाहिली की त्यांच्या डोळ्यांसमोर हात पसरणं येतं. आपल्या भाषेत मागण्याला किती शब्द आहेत बघा: भीक, भिक्षा, माधुकरी, जोगवा, वर्गणी. प्रत्येकाचा मान वेगळा. माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्याला कुणी भिकारी म्हणत नव्हतं आणि जोगवा मागणाऱ्या बाईच्या परडीत पीठ घालताना घरातली बाई डोक्यावरचा पदर सारखा करायची. म्हणजे मागणं हे सरसकट हलकं, असं आपणही कधी मानलेलं नाही. कोण, कशासाठी आणि कसं मागतंय, यावर ते ठरायचं.

आणि सासरे तर साताऱ्याचे! कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी घरोघरी मूठमूठ धान्य गोळा व्हायचं, त्याला मुष्टिफंड म्हणायचे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने त्याच मुलांसाठी मोडले. ज्या घरांनी ती मूठ दिली त्यांनी भीक घातली नव्हती आणि ज्यांनी नेली त्यांची मान खाली गेली नव्हती. तिथली मुलं शेतात राबून, पडेल ते काम करून शिकली. “स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद” हे वाक्य सासऱ्यांनी शाळांच्या भिंतींवर शंभरदा वाचलेलं असणार. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना मुष्टिफंडाबद्दल विचारा आणि बोलू द्या. नातीलाही शेजारी बसवा.

तुम्ही स्वतः महाराष्ट्रातल्या शाळेत शिकला असाल, तर स्काउट-गाइडची ‘खरी कमाई’ तुम्हाला आठवत असेल. बूटपॉलिश करायचं, कुणाची सायकल धुवायची, शाळेच्या पटांगणात भेळेचा स्टॉल लावायचा आणि मिळालेले पैसे बाईंकडे जमा करायचे. ब्रिटनमध्ये त्याचंच भावंड होतं. 1949 पासून इथले स्काउट वर्षातून एक आठवडा दारोदार जाऊन “काही काम आहे का?” विचारायचे. कुंपण कापायचं, गाडी धुवायची, कामाचा एक शिलिंग घ्यायचा. शिलिंगला बोलीत ‘बॉब’ म्हणत, म्हणून त्याचं नाव ‘बॉब-अ-जॉब वीक’. तुमच्या गावातल्या सत्तरीच्या कुठल्याही इंग्लिश आजोबांना विचारा, चेहरा खुलेल. अनोळखी घरांत एकेकट्या मुलांना पाठवणं धोक्याचं वाटू लागलं, तसं 1990 च्या दशकात ते मागे पडलं. सुपरमार्केटचं टिल हा त्याच परंपरेतला एक पर्याय आहे. उजेड असतो, माणसं असतात, मोठी माणसं लक्ष ठेवून असतात. तुमची मुलगी जे करणार आहे त्याला मी खरी कमाई म्हणेन.

पण थांबा. एवढ्यावर मी तुम्हाला “बिनधास्त पाठवा” म्हणणार नाही, कारण तुमच्या मनातली खुपणारी गोष्ट अजून बाजूलाच राहिली आहे. तुम्ही सेल्फ चेकआउटकडे वळता ते का? तुम्ही कंजूष नाही. कामवालीच्या मुलीच्या फीचे पैसे गावी दरवर्षी पाठवता, हे पत्रात जाता जाता लिहून गेला आहात. मला वाटतं तुम्हाला मागण्याचा त्रास होत नाही, ‘नाही’ म्हणायला जागा उरत नाही याचा होतो. गणपतीच्या आधी पावती पुस्तक घेऊन दारात उभी राहिलेली सात-आठ मुलं आठवा. आपण 101 म्हटलं की एकजण हसतो, “काकू, एवढेच? समोरच्यांनी 501 दिले.” आपण देतो, पण दार लावताना मनात देण्याचा आनंद नसतो. टिलवर समोर गोड चेहऱ्याचं पोर, मागे रांग, कॅशियर बघतेय, पर्समध्ये एक नाणं नाही. तिथेही तोच गळ्याला लागलेला फास जाणवतो. तुमची चुटपुट अगदी खरी आहे.

म्हणून माझं सगळं म्हणणं एका गोष्टीवर येऊन थांबतं. पिशवी भरणं आणि बादली या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. पिशवी फुकट भरून द्यायची, मनापासून. बादली आपल्या जागी असेल. तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

हे मी कुठून शिकले ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझा धाकटा दहाएक वर्षांचा असताना त्याच्या फुटबॉल क्लबने असंच बॅग पॅकिंग ठेवलं होतं. पालक म्हणून मी त्याच्या टिलपासून चार पावलांवर उभी होते. पहिल्याच आजी आल्या. त्याने त्यांच्या सामानाकडे न बघता बादली पुढे सरकवली आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “तुम्हाला देणगी द्यायला आवडेल का?” आजी गोंधळल्या. त्यांच्या हातात एक लहान पर्स होती, तिच्यात घडी घातलेली एकच नोट. “नको रे बाळा,” म्हणाल्या आणि थरथरत्या हातांनी स्वतःच बटाटे भरायला लागल्या. याचा चेहरा लालबुंद. पुढच्या दोघांना त्याने काही विचारलंच नाही, नुसता खांबासारखा उभा राहिला. टिलवरची कॅशियर बाई साठीची असेल. तिने सामान सरकवायचा वेग एकदम कमी केला, त्याच्याकडे झुकून म्हणाली, “आधी पिशवी भर राजा, बाकीचं राहू दे.” त्यानंतरच्या माणसाला त्याने विचारलं, “पिशवी भरून देऊ का? पैसे नाही दिले तरी चालतील.” तो माणूस हसला आणि मागे सरकून त्याला जागा करून दिली. तीन तासांत बादलीत किती पडले ते मला आज आठवत नाही. पण ते वाक्य आमच्या घरात राहिलं आहे.

तुमच्या मुलीला हेच वाक्य द्या. आरशासमोर नको, तुमच्याबरोबर स्वयंपाकघरात सराव करू दे. खरोखरचं सामान घ्या. डबे, बटाटे, दुधाचे कॅन तळाशी. गोठलेल्या वस्तू एकत्र. कच्चं चिकन आणि मासे वेगळ्या पिशवीत, कपड्यांची पावडर वेगळी. अंडी आणि ब्रेड सगळ्यांत वर, अंड्यांचा खोका आधी उघडून न बघता. गिऱ्हाइकांना चिडवणाऱ्या बहुतेक गोष्टी इथेच घडतात. चेपलेला ब्रेड घरी गेल्यावर दिसतो आणि मग ती बाई पुढच्या वर्षी तुमच्यासारखीच दुसरीकडे वळते. इंग्लंडमध्ये 2015 पासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात. आधी 5 पेन्स होते, मे 2021 पासून किमान 10. म्हणून मुलीने आधी “तुमची पिशवी आणलीय का?” विचारायचं, आपल्या मनाने नवी ओढायची नाही. आणि आपल्या माणसांना माहीत असलेली एक गोष्ट तिला आवर्जून सांगा. काही बायकांच्या ट्रॉलीत सॅनिटरी पॅड असतात, कुणाच्या ट्रॉलीत म्हाताऱ्या वडिलांसाठी डायपर, कुणाकडे औषधं. अशा वस्तूला हात लावायच्या आधी माणसाकडे बघायचं. ते स्वतः उचलत असतील तर आपण आपले हात मागे घ्यायचे.

‘नाही’ हा शब्द तिला ऐकावा लागेल. दहा वेळा, कदाचित वीस वेळा. तो ऐकायची तयारी ही माझ्या मते या शनिवारची सगळ्यांत मोठी शिकवण आहे आणि 50 पौंडांत ती मिळत नाही. ‘नाही’मागे काय असतं ते आपल्याला दिसत नाही. एखाद्याला सामान ठरावीक क्रमानेच भरायचं असतं, क्रम चुकला तर जीव घाबरा होतो. एखादीने आठवड्याचे पैसे पेनीपर्यंत मोजून आणलेले असतात. एखाद्याला दुसऱ्याचे हात आपल्या अन्नाला लागलेले चालत नाहीत आणि कोविडनंतर असे खूपजण आहेत. आणि हल्ली अनेकांकडे रोख नसतेच. “सुटे नाहीत” ही पूर्वी सबब होती, आता ते सरळ खरं असतं. मुलीने त्यावर “काही हरकत नाही, तुमचा दिवस छान जावो” एवढंच म्हणायचं. तोंड पाडायचं नाही. आईकडे बघायचंही नाही, म्हणून तुम्ही चार पावलांपेक्षा जरा लांबच उभ्या राहा.

आता नवऱ्याचे 50 पौंड. त्यांची चेष्टा मी करणार नाही. दिलेला पैसा हा दिलेला पैसाच असतो आणि हॉस्पिसला तो कुणाच्या हातून आला याने फरक पडत नाही. उलट एक फायद्याची गोष्ट सांगते. ते ब्रिटनमध्ये पुरेसा इन्कम टॅक्स भरत असतील आणि देणगीबरोबर गिफ्ट एडचा फॉर्म भरून दिला, तर संस्थेला सरकारकडून पौंडामागे 25 पेन्स जास्त मिळतात. म्हणजे 50 चे साडेबासष्ट. अट एवढीच की ती खरी देणगी हवी, मुलीच्या कॅम्पची फी म्हणून दिलेली नको. तेव्हा त्यांना जरूर द्यायला सांगा. फक्त “विषय मिटवू” यासाठी नको. मुलीला त्यातून एवढंच कळेल की अवघड वाटणाऱ्या कामातून पैसे देऊन सुटता येतं. आणि ग्रुपमध्ये असं घरही असेल ज्याला 50 पौंड काढून देणं जमत नाही. त्या घरातली मुलं आणि तुमची मुलगी एकाच टिलवर एकसारख्या शर्टात उभी राहतील, ही बरोबरी मला मोलाची वाटते.

इथे मला ग्रुपबद्दलही एक प्रश्न आहे आणि तो तुम्ही लीडरला विचारलाच पाहिजे. निम्मे पैसे कॅम्पला जाणार हे गिऱ्हाइकांना कळणार आहे का? बादलीवर नुसतं हॉस्पिसचं नाव मोठ्या अक्षरांत आणि कॅम्पचा उल्लेख कुठेच नाही, असं असेल तर ते चूक आहे, आणि तसं स्पष्ट सांगायला संकोच करू नका. लोकांच्या मनात या प्रकाराबद्दल जी अढी बसली आहे ती बऱ्याचदा इथूनच आली आहे. मरणाच्या दारातल्या माणसांची सेवा करणाऱ्या हॉस्पिसला दिलेला पौंड आणि मुलांच्या सहलीला दिलेला पौंड, दोन्ही चांगले. पण कुठला कुठे चाललाय हे देणाऱ्याला माहीत हवं. इथल्या हॉस्पिसचा बराचसा खर्च लोकांच्या देणग्यांवरच चालतो, त्यामुळे त्या नावाला वजन आहे आणि ते जपूनच वापरायला हवं. कॅम्पचे पैसे सगळ्या मुलांच्या सामायिक खात्यात जाणार की ज्याने जितके तास काम केलं त्याच्या नावावर, हेही विचारा. ज्या मुलाचे आई-वडील शनिवारी कामावर असतात आणि त्याला आणून सोडू शकत नाहीत, त्याचा कॅम्प त्यामुळे महाग होऊ नये.

विचारता विचारता एवढंही बघा: दुकानाच्या व्यवस्थापकाची लेखी परवानगी आहे ना (दुकानाच्या आत ती लागतेच, बाहेर रस्त्यावर गोळा करायचं तर परवाना वेगळा), बादल्या सीलबंद आहेत ना, त्यांवर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे ना, पैसे दोघांनी मिळून मोजायचे आहेत ना. इंग्लंड-वेल्समधल्या संस्थेचा क्रमांक चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर कुणालाही पडताळता येतो. रोख नसणाऱ्यांसाठी एखाद्या टिलपाशी कार्ड टेकवायचं यंत्र ठेवता येईल का, हेही सुचवा. खजिनदाराला छोट्या देणग्यांवरच्या गिफ्ट एड योजनेबद्दल जरूर विचारा. बादलीतल्या 30 पौंडांपर्यंतच्या देणग्यांसाठी, फॉर्म नसतानाही, काही अटींवर सरकारी भर मिळू शकते. अनेक छोट्या ग्रुपांचे खजिनदार दुसऱ्या नोकऱ्या सांभाळून हे काम करतात आणि ती भर मागायची राहून जाते.

राहिली तुमची स्वतःची चुटपुट. ज्यांना मुलं नाहीत किंवा मुलं मोठी झाली आहेत, अशा वाचकांनाही हे उपयोगी पडेल. पुढच्या वेळी वळू नका. नेहमीच्याच टिलवर जा. पिशवी स्वतः भरायची असेल तर मुलाच्या डोळ्यांत बघून सांगा, “थँक यू, माझी मी भरते.” भरू द्यायची पण पैसे द्यायचे नसतील, तर तसंही चालतं. त्याचे आभार माना, अंडी नीट ठेवलीस म्हणून सांगा. द्यायचे असतील तर पौंडाचं एक नाणं पुरे. हॉस्पिसला आधीच दर महिन्याला देत असाल तर तेही सांगायची गरज नाही. मुलाला ‘नाही’ इतकं बोचत नाही, जितकं आपण त्याला पाहून दुसऱ्या बाजूला ट्रॉली फिरवतो ते बोचतं. माझ्या मुलाने त्या दिवशी घरी येऊन पहिली गोष्ट हीच सांगितली होती: आपल्या ओळखीचे एक काका त्याला बघून लगबगीने दुसऱ्या टिलकडे गेले. काकांना संकोच वाटला असणार हे मला कळत होतं. त्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

तेव्हा मुलीने हो म्हटलं तर तिला पाठवा. आदल्या रात्री नखं कापायला सांगा, केस घट्ट बांधून द्या, पायांत मऊ बूट घाला. तीन तास उभं राहिलं की पोटऱ्या भरून येतात. सासऱ्यांना घरी ठेवू नका. त्यांना बरोबर न्या, टोपली हातात द्या, बिस्किटं-दूध असं काहीतरी घ्यायला सांगा आणि खिशात दोन-चार नाणी ठेवा. फक्त नातीच्या टिलवर पाठवू नका, ती लाजेल. दुसऱ्या एखाद्या मुलाच्या टिलवर उभे राहू देत. तो मुलगा त्यांना विचारेल, “पिशवी भरून देऊ का?” उत्तर काय द्यायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे.

तुमची,
सदर लिहिणारी मैत्रीण